हलका गिअर

गोकुळनं नुसत्या करंगळीनं खटका दाबला आणि गिअर बदलला. टक्. पुन्हा दाबला, पुन्हा टक्. स्टँडवर मागचं चाक अधांतरी गरगरत होतं आणि साखळी एका चकतीवरून दुसऱ्या चकतीवर अगदी विनातक्रार चढत होती. "काका, मक्खन चल रहा है की," गोकुळ म्हणाला. त्याचं अर्धं लक्ष मोबाइलमध्ये होतं. "कुठं अडकतंय म्हणता तुम्ही?" हनुमान म्हणाला, "चढावर अडकतं." "वायर मागच्या महिन्यातच नवी टाकली ना तुम्ही सांगितलं म्हणून. त्याच्या आधी खटका खोलून साफ करून दिला. अब क्या बदलायचं, सांगा. तुम्हीच दाबून बघा एकदा." हनुमाननं उजवा हात पँटच्या खिशात घातला. रुमाल शोधतोय असं दाखवत तो तिथंच ठेवला. "राहू दे," तो म्हणाला. "आता नाही ना अडकत? मग झालं." गोकुळनं खांदे उडवून सायकल खाली घेतली. सायकलदुरुस्तीच्या दुकानापुढं औरंगपुऱ्यातल्या गल्लीत दुपारची गर्दी होती, रिक्षावाले एकमेकांच्या आयाबहिणींची चौकशी करत होते, समोरच्या दुकानात कुणीतरी साडीची घडी उलगडून दाखवत होतं. हनुमानच्या डोळ्यांसमोर मात्र ती करंगळीच होती. काळपट, वंगणानं माखलेली, आणि किती बिनकष्टाची. लाज वाटायला हवी होती. पण काहीच वाटलं नाही. दाढेत इंजेक्शन दिल्यावर डॉक्टर गालावर चापट मारून विचारतात, कळतंय का, आणि आपण मान हलवतो, तसं काहीतरी झालं.

दोन वर्षांपूर्वी ही सायकल पुण्याहून मुलीनं, दिपालीनं, पाठवली तेव्हा त्यानं शेजारीपाजारी सगळ्यांना गिअर समजावून सांगितले होते. जड गिअर हवा असेल तर तर्जनीनं नुसतं टिचकी मारल्यासारखं करायचं, साखळी आपोआप खाली घसरते. हलका हवा असेल तर मात्र अंगठ्यानं खटका आत रेटावा लागतो, कारण साखळीला वर चढवायचं असतं. तेव्हा ही गंमत वाटली होती. आता त्यातली गंमत गेली होती आणि नुसता नियम उरला होता. जड होणं त्याच्या बोटात होतं, हलकं होणं अंगठ्यात होतं, आणि अंगठा राहिला नव्हता. म्हणजे दिसायला होता. बुडाशी बोरासारखा टेंगूळ आला होता एवढंच. किल्ली फिरवताना, बाटलीचं झाकण काढताना, सदऱ्याचं वरचं बटण लावताना तिथून एक कळ निघायची आणि मनगटातून कोपरापर्यंत जायची. डॉक्टरनं फोटो काढून उजेडावर धरला होता. अंगठ्याच्या बुडाचा सांधा झिजलाय, म्हणाला. हाताला विश्रांती द्या, हा पट्टा बांधा. हनुमाननं पट्टा घेतला आणि कचेरीतल्या टेबलाच्या खणात, जुन्या पंचिंग मशीनच्या मागं ठेवून दिला. घरी द्वारकाला सांगितलं नाही. भावाला सांगितलं नाही. गोकुळलासुद्धा सायकल बिघडली म्हणून सांगितलं. सायकल बिघडली तर माणूस दुरुस्त करून घेतो, त्यात कमीपणा कसला?

तर त्यानं एक युक्ती काढली होती. सकाळी फाटकाशी सायकल उभी करायची, मागचं चाक उचलून डाव्या हातानं पेडल फिरवायचं, आणि उजव्या तळव्याच्या टाचेनं, अंगठा बाजूला ठेवून, सगळा भार देऊन खटका रेटायचा. गिअर पडला की तो दिवसभराचा गिअर. मग रस्ता त्या गिअरप्रमाणं. घरून, हडकोतून, कचेरीत येताना पूर्वी तो वाट्टेल तसा यायचा. आता दिल्ली गेटकडून सपाटीनं, मग गल्लीबोळांतून, एका मशिदीला वळसा घालून. उड्डाणपूल बंद. स्टेशनकडं जाणं बंद. आयुष्याची पस्तीस-चाळीस वर्षं या गावात काढूनही इथं एवढे चढ आहेत हे त्याला ठाऊक नव्हतं. पायाला न कळलेले चढ अंगठ्याला कळले होते. हळूहळू शहर आकसत गेलं, आणि ते आकसलेलंही त्याला जाणवेनासं झालं. रविवारी हर्सूलच्या तळ्याकडं जाणाऱ्या मंडळींना त्यानं गुडघ्याचं कारण सांगितलं. गुडघा पन्नाशीनंतर कुणाचाही दुखतो. गुडघ्याची कुणी कीव करत नाही. द्वारका बघत होती. तो कप दोन्ही तळव्यांत धरून चहा पितो, हे तिनं पाहिलं होतं. एकदा ती म्हणाली, "थंडी वाजते का तुम्हाला?" फाल्गुनाचं ऊन अंगणात पसरलं होतं. तो हो म्हणाला. तिनं पुढं विचारलं नाही. पण त्या दिवसापासून लोणच्याच्या बरणीचं झाकण अर्धवट सैल करून ठेवलेलं असायचं आणि त्यावर दोघं कधीच बोलले नाहीत.

दुकानातून निघाल्यावर सायकलीवर बसायच्या आतच फोन वाजला. कचरूचा होता. थोरला भाऊ, चौका घाटापलीकडं गावात मेंढरं सांभाळून असलेला. "हणमा, शनवारी कातरणी हाय. येतूस न्हवं?" "येतो की." "सायकलीवरच येतू का?" "व्हय." "ये मग. पयलं मेंढरू तुलाच करायचंय. तुझा मान हाय." हनुमान "बरं" म्हणाला आणि फोन खिशात टाकला. त्यांच्यात मेंढरांची कातरणी सावडीनं होते. आज माझी मेंढरं सगळ्यांनी मिळून कातरायची, उद्या तुझी, परवा त्याची. कुणी कुणाला पैसे देत नाही, हातानं केलेलं हातानं फेडायचं. ज्याची मेंढरं असतील त्यानं माणसांना बोलवायचं असतं. न बोलवता दुसऱ्याच्या कातरणीला जाणं म्हणजे त्याच्या हातांत काही राहिलं नाही असं चारचौघांत म्हणण्यासारखं. आणि पहिलं मेंढरू घरच्या माणसानंच कातरायचं. ते झाल्याशिवाय आलेली माणसं आपल्या कातरी फडक्यातून काढत नाहीत. आबा, म्हणजे वडील, होते तोवर त्यांनी, मग कचरूनं, आणि गेली दोन वर्षं कचरूनं हा मान हनुमानला दिला होता. कचेरीतल्या, पँट घालणाऱ्या, पगारावर जगणाऱ्या धाकट्याला. पहिल्या वर्षी हनुमानला भरून आलं होतं. आपण अजून त्या घरचे आहोत, पाहुणे झालेलो नाही. दुसऱ्या वर्षी अंगठा दुखायला लागला होता तरी त्यानं दात आवळून ते मेंढरू पुरं केलं. या वर्षी त्याला कप धरवत नव्हता. कातर धरता आली नाही तर त्या माणसांमध्ये तो कोण होता? सतरंजीवर बसून चहा घेणारा, ज्याला जेवून जा म्हणतात तो. तसा झाल्यावर पुन्हा तिथं कशाला जायचं, हे त्याला सांगता आलं नसतं.

डाव्या हातानं सायकल ढकलत पैठण गेटाच्या बाजूनं वळताना त्याला अचानक धारवाला आठवला. फुलंब्रीच्या बाजारात चाक फिरवत बसायचा, डोक्याला लाल रुमाल. हनुमान तेव्हा आठवी-नववीत असेल. आबांनी, म्हणजे मुंजाबांनी, त्याला कातर देऊन पाठवलं होतं, बोथट झालीय, अडकती, धार लावून आण. तो चालत गेला. धारवाल्यानं कातर हातात घेतली, बाजूच्या पोत्यातला एक धागा ओढून कापला, आणि हसला. "ह्याला कसली धार लावू, पोरा? ह्यी तर हवा कापती." तरी त्यानं चाकावर धरून दिली. हनुमान परत आला. आबांनी दोन-चार वेळा कातर उघडली-मिटली आणि म्हणाले, नाही लागली धार, परत जा. तो परत गेला. पुन्हा परत आला. त्या वर्षी कातरणीचं बोलावणं आबांनी कुणालाच धाडलं नाही. कातर चालत नाही म्हणाले. आई, दगडाबाई, म्हणाली, अहो, माणसं बोलवा, त्यांच्या कातरी असत्यात की. आबा तिच्या अंगावर ओरडले. वैशाख तसाच गेला, मेंढरं अंगावरच्या लोकरीत तापत राहिली, गोचिड झाले, जखमा झाल्या, काही मेली. उरलेली बरीचशी आबांनी खाटकाला दिली. कळप लहान झाला म्हणून धाकट्या पोराची घरी गरज उरली नाही, आणि हनुमान शहरात वसतिगृहावर आला. त्याची शाळा, कचेरी, हडकोतलं घर, गिअरची सायकल, सगळं त्या वैशाखातून निघालं होतं. त्याला वाटायचं बाप कातरीपायी येडा झाला. आणि आज औरंगपुऱ्यात एका करंगळीनं टक् केल्यावर त्याला कळलं की कातर कधीच अडकत नव्हती.

आबा गेले तेव्हा हात छातीवर जुळवताना उजवा अंगठा खाली बसेना. कुणीतरी दाबला, तो पुन्हा वर आला. हनुमान जवळच उभा होता. त्यानं तो अंगठा पाहिला, बुडाशी गाठ होती, आणि तेव्हाही त्याला काही वाटलं नव्हतं. इतक्या वर्षांनी पैठण गेटाजवळ रिक्षांच्या धुरात त्याला ती गाठ स्पष्ट दिसली. ती त्याच्या खिशात होती.

शनिवारी सकाळी त्यानं फाटकाशी सायकल उभी केली. घाट होता, म्हणून सगळ्यात हलका गिअर घालायचा ठरवला. पेडल फिरवलं, तळव्याची टाच खटक्यावर टेकवून रेटा दिला. एक गिअर पडला, दुसरा पडला, तिसऱ्याला कळ इतकी जोरात गेली की पेडलवरचा हात सुटला आणि सायकल फाटकावर आदळली. द्वारका ओट्यावर आली. "बसनं जा ना," ती म्हणाली. "बसनं काय जायचं? पाहुणा आहे का मी?" "पाहुणा नाही. पण हात..." ती थांबली. दोघांनी एकमेकांकडं पाहिलं. "काय हात?" हनुमाननं विचारलं. "काही नाही," द्वारका म्हणाली, आणि तिनं हात लांब करून, न बोलता, त्याच्या सदऱ्याचं उघडं राहिलेलं वरचं बटण लावलं. त्याला तिचा राग आला. मग रागही विरला. तो निघाला.

हर्सूल, मग सावंगी, रस्ता बऱ्यापैकी सपाट होता. ट्रक अंगावरून जात होते, ऊन अजून कोवळं होतं. मधला गिअर त्याला हळूहळू पुढं नेत राहिला. घाट सुरू झाला तेव्हा त्यानं सवयीनं अंगठा खटक्याकडं नेला आणि तसाच काढून घेतला. पाय जड झाले. पुढच्या वळणावर त्यानं तळव्याची टाच लावायला हात उचलला, हँडल डगमगलं, मागून एक पिकअप हॉर्न वाजवत अगदी खेटून गेला. हँडल सावरताना तर्जनी कशी कोण जाणे पुढच्या खटक्याला लागली. टक्. गिअर आणखी जड झाला. एवढं मात्र हातानं सहज केलं. दहा-बारा पेडल मारून तो उतरला आणि सायकल ढकलू लागला. उतरून चालताना लोक बघत होते. मोटारसायकलवरचा एकजण थांबून म्हणाला, "काका, पंक्चर?" तो "व्हय" म्हणाला. हेही त्यानं सायकलीवरच ढकललं. चालता चालता तो मनाशी काहीतरी सांगायची तयारी करत होता. मनगट मुरगळलं म्हणावं. पडलो म्हणावं. येताना घाटात पडलो. पडलेल्या माणसाला कुणी कातर देत नाही, आणि मानही जात नाही. वाक्य चांगलं जमलं होतं. ते म्हणून बघितलं तर तोंडात कोरडं लागलं.

वस्तीवर तो पोचला तेव्हा माणसं येऊन बसली होती. मेंढरं वाघरीत, जाळीच्या कुंपणात, दाटीनं उभी होती. बाभळीखाली पाच-सहाजण गुडघे मोडून बसलेले, प्रत्येकाच्या शेजारी फडक्यात गुंडाळलेली कातर. त्यांत आप्पासाहेब होता, आबांच्या वयाचा, कान लांब झालेला, अजूनही पागोटं बांधणारा. मधोमध पोत्यावर एक पांढरी मेंढी चारी पाय बांधून आडवी पाडलेली होती आणि मान उचलून पाहत होती. "आला का रं," कचरू म्हणाला. "लई उशीर केला." "घाटात जरा..." हनुमाननं सुरुवात केली. पण कचरूनं तोवर आबांची कातर फडक्यातून काढली होती. "घे. तुझा मान."

हनुमाननं हात पुढं केला नाही. तो कातरीकडं बघत होता. कचरूनं ती चार बोटांवर आडवी ठेवली होती, ताटली पेलल्यासारखी, आणि अंगठा बाजूला, कशालाच न लावता ठेवला होता. ती धरायची तऱ्हा हनुमानला चांगली ठाऊक होती. "यंदा तू कर, भाऊ," तो म्हणाला. "म्या? म्या कशाला? तू आलास की." कचरूनं नजर दुसरीकडं वळवली. "आन् ह्यी कातर बी लई अडकती. बोथट झालीया. परवा फुलंब्रीला धार लावून आणली, तरी अडकती."

आता मात्र काहीतरी वाटलं. आधी हसू आलं. दोन वर्षं त्यानं हा मान उराशी धरून ठेवला होता. कचेरीत दोघा-तिघांना सांगितलासुद्धा होता. तो मान नव्हता. भावाचा अंगठा गेला होता, आणि त्यानं तो मान म्हणून धाकट्याच्या हातात दिला होता. हनुमाननं कातर डाव्या हातानं घेतली, वाकून मेंढीच्या लोकरीचा एक झुपका कापला. पातं अलगद गेलं. "कातर अडकत नाय, भाऊ," तो म्हणाला. "आबाची बी अडकत नव्हती." कचरूनं बाभळीकडं चोरून पाहिलं. "हळू बोल की. माणसं हायती." हनुमाननं उजवा हात खिशातून काढला आणि त्याच्यासमोर धरला. कचरू त्या गाठीकडं बघत राहिला, मग त्यानं आपला हात त्याशेजारी आणला. एकाच मापाची होती. "कवापासनं?" हनुमाननं विचारलं. "तुला पयलं मेंढरू दिलं न्हवं, तवापासनं," कचरू म्हणाला.

"काय रं कचरू," आप्पासाहेब बाभळीखालून ओरडला, "ऊन चढाया लागलंय. मुहूर्त बघायलास काय?" कचरू पटकन म्हणाला, "दमलाय त्यो, आप्पा. सायकलीवर आलाय. जरा दम खाऊ द्या." असंच वर्षानुवर्षं चाललं होतं. वायर, धार, गुडघा, पंक्चर, दम. हनुमाननं तयार केलेलं वाक्य जिभेवर होतं. पण त्याला वैशाखातली ती मेंढरं दिसली, लोकरीखाली धापा टाकणारी, आणि तो मोठ्यानं म्हणाला, "दमलो नाय, आप्पा. आमचे दोघांचे बी अंगठे गेल्यात. कातर धरवत नाय."

एकानं थुंकून घेतलं. कचरूनं मान खाली घातली. आता हे लोक उठून जातील, किंवा त्याहून वाईट, समजून घेतल्यासारखा चेहरा करतील, असं त्याला वाटलं. आप्पासाहेबानं फडक्याची गाठ सोडली, पुन्हा बांधली. "तुझ्या बापाचा बी गेला व्हता," तो म्हणाला. "आमाला ठावं व्हतं." "ठावं व्हतं?" "मग? पाच गावात सगळ्यांला ठावं व्हतं. त्या साली आमी कातरी परजून बसलो व्हतो, आज बोलावील, उद्या बोलावील. त्यानं बोलावलंच नाय. आन् बोलावल्याबिगर जावं कसं?" त्यानं वाघरीकडं पाहिलं. "लई वाईट झालं. मेंढरं वरडायची, ती आमच्या वस्तीपातूर ऐकू यायची."

हनुमान मेंढीशेजारी खाली बसला. बाप त्या उन्हाळ्यात एकटा बसला होता आणि दोन हाकांच्या अंतरावर माणसं धारदार कातरी घेऊन त्याच्या हाकेची वाट बघत होती. ह्याचं त्याला फार, फार वाईट वाटलं. अंगठा गेल्याचं कळलं तेव्हा वाटायला हवं होतं ते, बाप गेला तेव्हा वाटायला हवं होतं ते, सगळं एकदम वाटलं. डोळे भरून आले ते त्यानं पुसले नाहीत. "भाऊ, धर," तो म्हणाला. "काय?" "कातर. एक कडी तू धर, एक म्या धरतो. तळव्यानं. अंगठा लावू नको." कचरूला आधी कळेना. मग तो समोर येऊन बसला. एका कडीत कचरूचा तळवा, दुसरीत हनुमानचा. दोघांनी एकमेकांकडं रेटलं. कातर वेडीवाकडी मिटली, मेंढी धडपडली, लोकरीचा एक ओबडधोबड झुपका पोत्यावर पडला. बाभळीखाली कुणीतरी खुसखुसलं. पुन्हा रेटलं. कळ मनगटातून कोपरात आणि कोपरातून खांद्यापर्यंत गेली, आणि हनुमाननं ती गिळली नाही. "आई गं!" तो चारचौघांत मोठ्यानं ओरडला. समोरून कचरूही ओरडला, थोडा उशिरा, ऐकून धीर आल्यासारखा.

मेंढी तेवढ्यापुरती धडपडायची थांबली. पाठीमागं बाभळीखाली आप्पासाहेबानं फडकं सोडलं, मग दुसऱ्यानं, मग बाकीच्यांनी, आणि एकामागून एक कातरी उघडल्याचा आवाज आला.